अकरा मिनिटं कुणाची?

मित्रांनो, मी हातात धरायच्या छोट्या कॅमेऱ्याची एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. काड्यापेटीहून जराशी मोठी आणि सध्या पार गोंधळलेली. माझ्या पोटात एका घरातलं बोलणं होतं. ते नेमकं कुणाचं, हा प्रश्न निघाला आणि माझं डोकंच चालेनासं झालं. तसं मला डोकं नाही, दोन चाकं आहेत.

कारखान्यात माझ्या चाकांवर काळी चकचकीत फीत गुंडाळली, तेव्हा वाटलं, आपल्यावर काहीतरी छान उमटणार. एका हौशी बाबांनी मला नव्या कॅमेऱ्यात बसवलं. त्यांच्या लेकीचा पहिला वाढदिवस होता. कॅमेऱ्याला एकच लाल बटण. दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. बाबांकडून सुरुवातीलाच ते एकदा जास्त दाबलं गेलं आणि पुढचा सगळा दिवस उलटा झाला. केक कापताना सगळे हसून उभे राहिले, तेव्हा मी गाढ झोपेत. "झालं!" म्हणून बाबांनी कॅमेरा खाली सोडला, की मी टक्क जागी.

त्यामुळे माझ्यावर आल्या फरश्या, टेबलाचे पाय, आत्याच्या चपला आणि एका काकांचं घोरणं. आठवड्याने सगळे टीव्हीसमोर जमले आणि चपला बघून हसून हसून लोळले. त्या दिवसापासून बाबांना 'दिग्दर्शक' असं नाव पडलं. पाच मिनिटांत मला बाहेर काढून खणात टाकलं. पुढचं कुणी पाहिलंच नाही. मला फार वाईट वाटलं.

पुढे होती ती अकरा मिनिटं. कॅमेरा जेवणाच्या टेबलावर ठेवलेला, समोर मिठाची बरणी, बाकी काही दिसत नाही. बरणीपलीकडे आई आणि मावशी भांडी आवरत आहेत. आई आपल्या बहिणीला लेकीबद्दल असं काही सांगते आहे, जे तिने दुसऱ्या कुणालाच सांगितलेलं नाही. सांगताना ती रडते आहे. काय सांगते, ते आत्ताच बोलायचा मला धीर होत नाही.

खणात मी सव्वीस वर्षं पडून होते. सोबतीला संपलेले सेल आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. माझ्या फितीवर पांढरी बुरशी चढली.

शेवटी लेकीनेच मला शोधून काढलं. आता तिलाच दोन महिन्यांची मुलगी होती. जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या एका बाईंच्या दुकानात ती मला घेऊन गेली. बाळ तिने असं धरलं होतं, की जणू दुसऱ्याच्या घरचं काचेचं भांडं.

"माझ्याच वाढदिवसाची आहे," ती बाईंना म्हणाली. "मला बघायचंय, आई मला कशी घ्यायची. मला अजून जमत नाहीये. माझंच काहीतरी चुकतंय."

बाईंनी पावती पुढे केली. 'मालकाचं नाव' या ओळीवर लेकीने स्वतःचं नाव लिहिलं.

बुरशी लागलेली फीत फार वेळा फिरवता येत नाही. म्हणून बाई कानाला हेडफोन लावून ती एकदाच, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत. त्या अकरा मिनिटांनंतर त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि लेकीला फोन लावला. "कॅसेट न्यायला याल तेव्हा आईंनाही घेऊन या."

दुसऱ्या दिवशी आई, बाबा, लेक आणि बाळ असे सगळेच आले. बाईंनी फक्त आईला आतल्या खोलीत नेऊन हेडफोन दिले. स्वतःचा आवाज ऐकून आई पांढरीफटक पडली.

"हे कुणी कुणी ऐकलंय?"

"मी. माफ करा, कामच तसं आहे. मुलीने अजून नाही ऐकलं."

"पुसून टाका. आत्ताच्या आत्ता."

"पावतीवर नाव तिचं आहे, ताई."

"पण आवाज माझा आहे!"

बाबा दारातून डोकावले. त्यांना विषयाचा पत्ताच नव्हता. "कॅसेट मी आणली, शूटिंग मी केलं. मालक मीच की!"

"तुम्ही कसलं केलंत?" आई म्हणाली. "तुम्ही तर बंद केलं होतंत!"

माझा गोंधळ आणखी वाढला. मला आणलं बाबांनी. वाढदिवस लेकीचा, बोलणंही तिच्याचबद्दलचं. आवाज आईचा. मावशीला तर ते विश्वासाने सांगितलेलं. आणि इतकी वर्षं सांभाळलं मी. ज्याचं ऐकावं त्याचं मला पटत होतं, हीच माझी पंचाईत होती.

तेवढ्यात लेक आत आली. "आई, असू दे. तुला नको तर मी नाही ऐकणार. मला फक्त तू मला कशी घ्यायचीस ते बघायचं होतं. हिला जवळ घेतलं तरी मला काही वाटतच नाही गं. कुणाचं तरी बाळ सांभाळायला घेतलंय असं वाटतं."

आईने हेडफोन खाली ठेवले.

"मलाही नव्हतं वाटत," ती म्हणाली. "तू वर्षाची झालीस तरी नव्हतं वाटत. चारचौघांत हसायचे आणि स्वयंपाकघरात रडायचे. तेच आहे त्या कॅसेटमध्ये. तुला तर मरेपर्यंत सांगणार नव्हते मी."

बाबा मटकन खुर्चीवर बसले.

"मग कधी वाटायला लागलं?" लेकीने विचारलं.

"दिवस नाही सांगता येणार. एकदा तू पलीकडच्या खोलीत नुसती शिंकलीस, आणि मी हातातलं ताट टाकून धावले. तुझं नाक पुसताना वाटलं, अगंबाई, ही माझी आहे!"

ती शिंक माझ्यात कुठेच नाही. लेक रडू लागली. आईने बाळ घ्यायला हात पुढे केले, पण लेकीने दिलं नाही. तसंच घट्ट धरून ठेवलं.

"मग, पुसू? कॉम्प्युटरवरचंही?" बाईंनी विचारलं. आईने लेकीकडे पाहिलं. लेकीने मानेनेच हो म्हटलं.

"पुसा. सांगायचं ते मी सांगितलं," आई म्हणाली.

आता त्या जागी अकरा मिनिटं नुसती खरखर आहे. मित्रांनो, कुणाचं रडणं, कुणाचं बोलणं चुकून तुमच्याकडे राहिलं, तर ते जपा आणि दुसऱ्याला दाखवण्याआधी त्या माणसाला विचारा. मी विचारलं नाही. आई दुकानात बोलली ते लेकीसाठी होतं, तुमच्यासाठी नव्हतं. मी ते तुम्हाला सांगितलं, हे बरं केलं की वाईट, मला अजून कळत नाही. तेव्हा जमलं तर हे तुमच्यापाशीच ठेवा.