शिंपल्यांचा बाजार

काल शाळेची चिठ्ठी वाचली आणि जुलियानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सँड्रा गणितात कच्ची, ज्युनिअर केजीला पुन्हा बसवावी लागेल, पालकांनी येऊन भेटावं! आणि बाईसाहेब कुठे? पाचूबंदरच्या वाळूत शिंपल्यांचा बाजार मांडून बसलेल्या. जुलियानाने लाथेने बाजार उधळला आणि पोरीच्या कानाखाली एक ठेवून दिली. "खेळ! दिवसभर खेळ! आनि शाळेत आमचं नाक काप!"

आज सकाळी मासळीची पाटी जावेकडे सोपवून ती लेकीला घेऊन ज्ञानदा टीचरसमोर उभी राहिली. टीचरने पेपर पुढे सरकवला. चित्रात दहा मासे, पाच वर, पाच खाली. 'किती?' सँड्राने लिहिलं होतं, २. त्यावर लाल फुली.

"दहासुद्धा मोजता येत नाहीत हिला," टीचर म्हणाली.

जुलियानाने डोळे वटारले. "बोल! दोन कसे गं?"

"दोन वाटे," सँड्रा पुटपुटली. "पाचाचा एक. तू लावतेस तसे."

जुलियानाने पेपर ओढून पुन्हा पाहिला. वीस वर्षं ती बाजारात वाटे लावून मासे विकत होती आणि एवढंसं तिच्या टाळक्यात शिरलं नव्हतं. मग मात्र तिचा जो भडका उडाला! "टीचर, चला भायेर! तो पेपर ऱ्हाऊ द्या तितंच!"

पटांगणात बदामाच्या झाडाखाली फळांचा सडा पडला होता. जुलियानाने ओंजळी भरभरून फळं पोरीपुढे ओतली. "लाव वाटे." सँड्राचे हात झरझर चालले. चार वाटे झाले, वर तीन उरली. "तेवीस," ती म्हणाली. टीचर अजून बोट लावून एकेक मोजत होती. तीही तेवीसवरच आली.

"कच्ची म्हने! अवो, पोरीला एका शब्दानं इचारलंत का? निघाले वरीसभर मागं ढकलायला!"

टीचरचा चेहरा उतरला. तिने चिठ्ठी मागून घेतली आणि तिथेच फाडली. "चुकलं माझं. बसवत नाही मागे. पण ही शिकली कुठे? वर्गात आम्ही अजून वीसपर्यंतच आलोय."

"वाळूत," सँड्रा म्हणाली. "शिंपल्यांचा बाजार मांडते ना मी." मग आईकडे भीत भीत बघून, "काल आयेनं मोडला."

जुलियानाला टीचरवर अजून ओरडायचं होतं. पण सगळ्यात जास्त राग आता तिला स्वतःचाच आला होता. शाळेतून ती पोरीला घेऊन सरळ वाळूवर गेली आणि उधळलेले शिंपले वेचायला बसली.