पहिली बस

"अगं, घरात दोन गाड्या असताना बसने कशाला? मी ड्रॉप करतो ना कोर्टात," विनय म्हणाला.

"नदीपलीकडच्या बस स्टॉपवरच सोड. बघायचंय मला," गिरिजा म्हणाली.

गिरिजा अमेरिकेतल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात खिडकीत बसून लोकांना तारखा देई. नऊला नाव पुकारलं आणि माणूस नसला, की अटकेचं वॉरंट निघे. असे उशिरा येणारे बहुतेक कृष्णवर्णीय, नदीपलीकडच्या वस्तीतले. जरा लवकर निघावं माणसानं, असं ती प्रत्येकाला ऐकवायची. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

लोरेनलाही तिने तेच ऐकवलं होतं. लोरेन वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची. गाडीचा मागचा दिवा फुटका म्हणून पोलिसांनी अडवलं, गाडी नेली आणि मागे कोर्ट लागलं. एक तारीख चुकली, तेव्हाचं वॉरंट दंड भरून मिटलं होतं. आणखी एक चुकली तर तुरुंग, आणि नोकरीवर पाणी. विनयच्या गाडीचा दिवा दिवाळीपासून फुटकाच होता. त्याला कुणी हटकलं नव्हतं.

"मॅडम, लवकरची बस काउंटीने बंद केली," लोरेन म्हणाली होती. "पैसे नाहीत म्हणे. आता पहिली बस नऊनंतरच पोचते."

खिडकीसमोर नव्या तुरुंगाचं बांधकाम जोरात चाललं होतं. त्याला पैसे कुठून आले, हा प्रश्न गिरिजाच्या डोक्यात शिरला तो निघेचना. तिने लोरेनसाठी उशिराची वेळ मागून पाहिली. नियम सगळ्यांना सारखा, असं उत्तर आलं. पक्षकाराला आपल्या गाडीत घ्यायचं नाही, हाही नियमच.

म्हणून आज ती लोरेनच्या शेजारी बसमध्ये बसली. बस प्रत्येक थांब्यावर रेंगाळत होती. लोरेन इस्त्रीच्या शर्टाची कॉलर पुन्हा पुन्हा सारखी करत होती. गिरिजाला स्वतःची लाज वाटली.

दोघी एकदमच कोर्टाची पायरी चढल्या. नऊ वाजून गेले होते.

"ट्रॅफिक होता ना? आधी कॉफी घे," गिरिजाचा साहेब हसून म्हणाला.

"आम्ही एकाच बसने आलोय," तिने सांगितलं. न्यायाधीशांच्या मदतनिसालाही सांगितलं. त्याने नकारार्थी मान हलवली. वॉरंट निघालं होतं.

बेड्या पडण्याआधी लोरेनने खिशातून बसचं तिकीट काढून गिरिजाच्या हातात ठेवलं.

"दिवसभर चालतं," ती म्हणाली. "तुम्हाला घरी जायला लागेल."

गिरिजा खिडकीत जाऊन बसली. रांगेतला म्हातारा पुढे आला. तारीख लिहायच्या आधी तिने त्याला विचारलं, "तुम्ही येता कसे?"