रशीदाचं पाणी चालू असताना

सहम शहराच्या मागे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथल्या फलजवर, म्हणजे डोंगरातून खजुरांपर्यंत येणाऱ्या कालव्यावर, बावीस कुटुंबांचा हक्क होता. हक्क पाण्यावर नव्हता, वेळेवर होता. कुणाला दोन तास, कुणाला साडेचार, कुणाला अख्खा दिवस. नऊ दिवसांनी फेर पूर्ण व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. चार वर्षांपूर्वी तिथे मोटरवर चालणारी लोखंडी दारं बसली. दारं कधी उघडायची ते मशिदीमागच्या खोलीतला एक कॉम्प्युटर ठरवायचा.

तो प्रोग्राम ज्या कंपनीने लिहिला ती बंद पडली होती. कुणाचं पाणी चालू आहे आणि किती मिनिटं उरली आहेत, हे तो फक्त मेमरीतल्या एका फाइलमध्ये ठेवायचा. डिस्कवर काहीही लिहायचा नाही. कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला की त्याला मागचं काही आठवत नसे. सगळी दारं बंद करून तो पहिलं उघडायचा. पहिलं दार हिलालचं होतं. हिलाल वकिलाचा भाऊ. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, फलजचा कारभारी. त्याचं नाव सुलैमान.

चार वर्षांत असं पाच वेळा झालं. त्यातल्या तीन वेळा पाणी रशीदाचं चालू होतं.

रशीदा पंचावन्नची, विधवा. साठ खजूर, थोडी लिंबं आणि शेळ्यांसाठी लावलेला घास, एवढी तिची बाग. तिसऱ्या वेळी ती सुलैमानकडे जाऊन म्हणाली होती, "मशीनला सगळ्यांची नावं सारखी, असं तू म्हणालास. मग हिलालचंच कसं पाठ आहे?"

"मशीन जी मिनिटं दाखवतं ती खरी," सुलैमान म्हणाला होता. पुढे विषय वाढला नाही.

ऑक्टोबरात अशा कॉम्प्युटरांची देखभाल करणाऱ्या धनंजय शेवडेला मस्कतच्या ऑफिसातून मेल आली. या कॉम्प्युटरच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ प्रोग्राममध्ये, सुरक्षेचं भोक सापडलं होतं आणि दोन आठवड्यांत नवा कर्नेल बसवायचा होता. धनंजय मस्कतमध्येच, अल् घुब्राला राहायचा. मूळ गाव वेलदूर, गुहागर तालुका. ऑफिसात तो शांत माणूस म्हणून प्रसिद्ध होता. खरं तर त्याला बोलायला वेळ मिळत नसे.

नेहमीच्या पद्धतीने कर्नेल बदलायचा तर कॉम्प्युटर बंद करून सुरू करावा लागतो. इथे त्याला अकरा मिनिटं लागायची, आणि मग हिलालचं दार. फाइलची नक्कल आधी लॅपटॉपवर घेता आली असती, पण त्या अकरा मिनिटांत दारं हलणार ती हलणारच. दुसरा मार्ग नवा होता. कॉम्प्युटर बंदच करायचा नाही. जुना कर्नेल जाता जाता मेमरीतली ठरावीक फाइल नव्याच्या हवाली करतो आणि सांगतो, या जागेला हात लावू नको. नवा कर्नेल उभा राहिला की एक छोटा प्रोग्राम त्याच्याकडे ती फाइल परत मागतो. हा छोटा प्रोग्राम धनंजयने स्वतः लिहिला. त्याचं नाव राखणदार ठेवलं. ऑफिसात कुणी अर्थ विचारला नाही.

मंगळवारी तो गावात गेला. सुलैमानने वाटेकऱ्यांना मशिदीच्या अंगणात बोलावलं होतं. दुभाष्याचं काम बदरुद्दीनकडे होतं. बदरुद्दीन दाभोळचा. वेलदूर आणि दाभोळ यांच्यामध्ये फक्त खाडी आहे. तो तीस वर्षं या फलजवर होता. आधी हाताने दारं उघडायचा. मोटर आल्यावर मोटरला तेल घालायचा.

"काय बदलाचं हाय म्हणालास?" त्याने धनंजयला विचारलं.

"कर्नेल, चाचा."

"मिलिटरीतलो?"

"नाही. कॉम्प्युटरचा. सगळ्यात आतला भाग."

बदरुद्दीनने अरबीत त्याचं जे काही केलं ते ऐकून बावीसही जण गंभीर झाले.

धनंजयने सांगितलं, की काम सात सेकंदांचं आहे आणि दारं हलणार नाहीत. एक जण म्हणाला, मग करा की, फक्त माझ्या पाण्यात नको. दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्याने सांगितलं, की त्याची काही हरकत नाही, पण त्याच्या बायकोची आहे. मशिदीच्या वाट्याचा अर्धा तास होता. त्यावर इमाम म्हणाले, की मशिदीचं पाणी म्हणजे सगळ्यांचं पाणी, तेव्हा सगळ्यांना विचारावं लागेल. हिलालला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. तो स्वतःच म्हणाला, "माझ्यात करा. माझं गेलं तर मलाच मिळेल." त्यावर बराच आरडाओरडा झाला.

मग भिंतीशी बसलेली रशीदा उठली. "माझ्यात करा," ती म्हणाली.

"तुझं तीनदा गेलंय," सुलैमान म्हणाला.

"तिन्ही वेळा मी घरात होते. या वेळी दारापाशी बसेन. जायचंच असेल तर माझ्यासमोर जाऊ दे."

रशीदाचं पाणी गुरुवारी सकाळी साडेआठला सुरू होऊन एकला संपणार होतं. अकराची वेळ ठरली.

अंगणात एक लाकडी खांब होता आणि त्याच्याभोवती जमिनीत पुरलेले दगड. मोटर येण्याआधी दिवसाचं पाणी या खांबाच्या सावलीवर मोजायचे. दोन दगडांमध्ये अर्धा तास. गुरुवारी रशीदाने बदरुद्दीनला तिथे उभं केलं आणि स्वतः दारापाशी चटई टाकून बसली. दारावर छोटा पडदा होता. त्यावर तिचं नाव आणि उरलेला वेळ दिसायचा.

अकराला सात मिनिटं असताना धनंजयने फाइल जुन्या कर्नेलच्या हवाली केली. मोजणी थांबली. पडद्यावर दोन तास सात मिनिटं होती ती तशीच राहिली. मग त्याने नवा कर्नेल सोडला. स्क्रीन काळी झाली, सात सेकंदांनी परत उजळली. दारं हलली नाहीत. खिडकीतून पाण्याचा आवाज तसाच येत होता.

राखणदाराने फाइल मागितली. उत्तर आलं, अशी फाइल नाही.

धनंजयने पुन्हा मागितली. पुन्हा तेच उत्तर. फाइल ठेवताना दिलेला आकडा त्याने तीनदा तपासला. बरोबर होता. काम संपल्याचा निरोप दिला असता तर नव्या कर्नेलने न मागितलेलं सगळं पुसून टाकलं असतं. तो निरोप त्याने दिला नाही. लॅपटॉपवर सकाळची नक्कल होती, पण ती सव्वानऊची होती. ती घातली तर रशीदाला दीड तासापेक्षा जास्त वेळ फुकट मिळाला असता आणि पुढच्या एकवीस जणांना ते कळलं असतं.

सुलैमान दारात आला. "खलास? झालं?"

"पाच मिनिटं."

"इन्शाल्ला?"

"इन्शाल्ला," धनंजय म्हणाला. हा शब्द त्याने कामात पहिल्यांदाच मनापासून वापरला.

मग त्याला दिसलं. फाइल ठेवलेल्या गाठोड्याला त्याने घाईत गावाजवळच्या शहराचं नाव दिलं होतं. सहम इंग्रजीत दोन प्रकारे लिहितात, मधे 'ए' घालून आणि न घालून. ठेवताना घातला होता. मागताना घातला नव्हता.

त्याने 'ए' घातला. फाइल आली. नाव रशीदा, उरलेले दोन तास सात मिनिटं, बावीस जणांचा क्रम, सगळं होतं तसं. मोजणी सुरू झाली. तो खुर्चीत मागे टेकला आणि थोडा वेळ नुसता पंख्याकडे बघत राहिला.

बाहेर आला तेव्हा बदरुद्दीन त्याची वाटच बघत होता. त्याने धनंजयला खांबामागे ओढलं.

"अर्धा दगड पुढं गेलीय सावली," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि मशीन तिथंच हाय. पाणी तर येतंच व्हतं."

धनंजयने लॅपटॉपवर पाहिलं. मोजणी चौदा मिनिटं वीस सेकंद थांबली होती. तेवढा वेळ दार उघडं होतं आणि कुणी मोजत नव्हतं.

"मग आता?"

"आता काय. कुणाला बोलू नको. बायचं किती गेलंय आधी, म्हाईत हाय? अल्लानंच दिलान समज."

धनंजयला ते पटलं. बरं वाटलं, असंही म्हणता येईल. मेमरीतली फाइल जपायची सोय होती, मोजणी चालू झाल्यावर बदलायची नव्हती. बदलायला गेला असता तर कदाचित सगळंच गेलं असतं. दोघंही चेहरे साधे ठेवून दारापाशी गेले.

रशीदा चटईवर उभी होती. तिला खांब दिसत होता आणि पडदाही.

"सुलैमान," ती मोठ्याने म्हणाली, "माझ्याकडे अर्धा दगड जास्तीचा आलाय."

सुलैमानने पडदा पाहिला, मग सावली पाहिली. सावलीकडे त्याने चार वर्षांत पाहिलं नव्हतं. "मशीन जी मिनिटं दाखवतं ती खरी," तो म्हणाला.

"माझं गेलं तेव्हाही तू हेच म्हणालास."

"मग आज तरी खूश हो ना!"

"आज घेतलं तर पुढच्या वेळी कुठल्या तोंडाने भांडू?"

बदरुद्दीनने हे धनंजयला मराठीत सांगितलं आणि वर स्वतःचं घातलं, "येडी हाय." पण सांगताना त्याचा आवाज जरा वेगळा लागला.

"हे मशीनला सांगता येईल?" सुलैमानने धनंजयला विचारलं.

"नाही."

"का?"

"ते फक्त लक्षात ठेवतं."

एकला पडद्यावर रशीदाची अजून चौदा मिनिटं शिल्लक होती. सावली मात्र एक वाजताच्या दगडावर पोचली होती. बदरुद्दीनने लुंगी वर खोचली आणि पाण्यात उतरला. गोणपाटाची गुंडाळी रशीदाच्या उघड्या दारात कोंबली, तिच्यावर दोन दगड रचले. मग पुढच्या दाराच्या मोटरची खीळ काढून ते दार हाताने वर उचललं. साठीचा माणूस, पण त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. पाणी वळलं. पडद्यावर अजून रशीदाचंच नाव होतं.

"हे काम मला रोज दिलंत तरी चालेल," तो वर येताना म्हणाला.

रशीदाने चटई गुंडाळली. जाताना धनंजयला पिशवीभर लिंबं दिली आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतेय, तुझा कर्नल बरा माणूस हाय. जेवढं सांगितलं तेवढंच केलान."

संध्याकाळी ऑफिसातून फोन आला. मॅनेजरने विचारलं, काम किती वेळ बंद होतं? धनंजय म्हणाला, सात सेकंद. आणि डेटा? तसाच्या तसा. मग त्याने चौदा मिनिटांचं आणि स्पेलिंगचं सांगितलं. मॅनेजर म्हणाला, की रिपोर्टात त्यासाठी रकाना नाही. धनंजयने ते शेवटी, 'इतर' या सदरात लिहिलं. प्रोग्रामने उरलेला वेळ डिस्कवरही लिहावा, यासाठी तो नव्याने लिहायची परवानगी मागितली. तीन आठवड्यांनी ती मिळाली.

त्या गुरुवारी रशीदानंतरचं पाणी हमदचं होतं. बदरुद्दीनने दार उचललं तेव्हा तो जेवत होता. पडद्याच्या हिशोबाने अजून वेळ आहे म्हणून त्याने बागेतल्या सऱ्या उघडल्या नव्हत्या. पाणी आलं ते थेट त्याच्या अंगणात, वाळत घातलेल्या खजुरांवर. त्याने सुलैमानकडे तक्रार केली, की पाणी चौदा मिनिटं आधी सोडलं.

सुलैमानने सगळं ऐकून घेतलं. मग त्याला मशिदीच्या अंगणात नेऊन खांब दाखवला आणि म्हणाला, पाणी वेळेवर आलं होतं.