ऊब देणारा नॉब

मालिनीकाकूंच्या घरावरून लहूनं गाडी दोनदा तशीच पुढे नेली. तिसऱ्यांदा दारासमोर थांबवली, इंजिन बंद केलं आणि आतच बसून राहिला. पाय आपला थडथड हलतोय. अमेरिकेतल्या सांता क्लाराच्या असल्या शांत गल्लीत शनिवारी दुपारी कुणी गाडीत नुसतं बसून राहिलं, तर शेजारच्या खिडक्यांतून डोकी दिसू लागतात, हे त्याला ठाऊक होतं. तरी उतरवेना.

सांगायचं एवढंच होतं, की काकू, तो नॉब खोटा आहे.

लहू चारुदत्तच्या कंपनीत होता. कंपनी म्हणजे सहा माणसं आणि एक कॉफीचं यंत्र. संगणकातून आवाज घडवायचं सॉफ्टवेअर ते बनवत. मूळचं सॉफ्टवेअर असं, की तंबोऱ्याचा एक सूर काढायला पानभर कोड टाइप करावा लागे. गाणारं माणूस कशाला या फंदात पडेल? म्हणून लहूला घेतलं. त्यानं स्क्रीनवर नॉब आणि सरकत्या पट्ट्या काढायच्या, माउसनं त्या हलवल्या की आतले आकडे बदलायचे आणि आवाज बदलायचा.

नॉबच्या दोन रांगा ठरल्या, चार-चारच्या. कामाचे निघाले सातच. आठवी जागा पडलेल्या दातासारखी दिसायला लागली. चारुदत्त म्हणाला, तिथं 'वॉर्म्थ' टाक, आवाजाला ऊब देणारं काहीतरी. लहूनं नॉब काढला, आणि फार देखणा काढला. फिरवला की निळ्याचा हळूहळू केशरी होई. आवाजाशी जोडायचं काम त्यानं पुढच्या आठवड्यावर ढकललं, आणि तो आठवडा भलत्याच भानगडींत गेला. असं सगळ्याच प्रोग्रॅमर लोकांचं होतं; फक्त त्यांच्या अर्धवट कामाच्या प्रेमात कुणी मालिनीकाकू पडत नाहीत.

काकू साठीला टेकलेल्या. आसपासच्या बे एरियातल्या निम्म्या मराठी पोरांना सा लावायला त्यांनी शिकवलेलं, तिथल्या मराठी मंडळाच्या नृत्यनाटिकांचं संगीतही त्यांचंच. सॉफ्टवेअर वापरून बघा म्हणून कंपनीनं त्यांना दिलं, आणि त्या कुठे अडतात ते बघायला लहू रोज त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसू लागला. पहिल्याच दिवशी काकूंनी सात नॉब फिरवले, नाक मुरडलं. आठवा फिरवला आणि थांबल्या.

"हा बघ आला तंबोरा," त्या म्हणाल्या. "कान तयार आहे रे तुझा. कुणाकडे शिकलास?"

लहूच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण नागपुरात इंदोऱ्याच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत त्याचे वडील पेटी वाजवत, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बसल्याखेरीज लहू कुणाकडे काही शिकला नव्हता. असल्या माणसाला मालिनीकाकूंनी कान तयार आहे म्हणावं. अंगावर मूठभर मांस चढलं बिचाऱ्याच्या. "घरीच, वडिलांकडे," एवढंच तो बोलला आणि नॉबचं गिळून टाकलं. नंतर रोज वाटे, आज जोडू. पण जोडला की आवाज बदलणार, आणि तो काकूंना नाही आवडला तर? कहर म्हणजे, आपणच न जोडलेला तो नॉब फिरवला की आता त्यालाही ऊब ऐकू यायला लागली होती.

हे एवढ्यावर राहिलं असतं. पण सॉफ्टवेअरची सीडी छापायला गेली, आणि सोमवारी तिचा खोकाही जाणार होता. खोक्यावर काकूंचा फोटो, आणि खाली त्यांचं वाक्य: चाळीस वर्षं गातेय, तंबोऱ्याची ऊब मला या एका नॉबनं दिली. इंटरनेटच्या फोरमवर असल्या गोष्टी उकरणारी माणसं बसलेलीच असतात. नॉब फिरवण्याआधीचा आणि नंतरचा आवाज ती मोजणार, दोन्ही तंतोतंत सारखे निघणार, आणि चाळीस वर्षं गाणाऱ्या बाईचं गावभर हसं होणार. लहूला काल रात्रीपासून अन्न गोड लागत नव्हतं.

शेवटी काकूच दार उघडून बाहेर आल्या. "अरे, आत ये की. गाडीत काय बसलायस?"

आत गेल्यावर त्यानं बसायच्या आधीच सांगून टाकलं. वाक्यं उलटीपालटी झाली, पण सांगितलं.

काकू हसल्या. "चल, काहीतरीच." त्यांनी संगणकावर तंबोरा लावला, नॉब फिरवला. "हे काय, येतंय की ऐकू."

"मलाही येतं, काकू. रंग बदलतो ना, म्हणून येतं. तुम्ही जरा डोळे मिटा, मी फिरवतो."

त्यांनी डोळे मिटले. सूर चालू होता.

"आता फिरवलास," काकू म्हणाल्या.

लहूचे दोन्ही हात मांडीवर होते. हो म्हणणं किती सोपं होतं. "नाही, काकू."

"मग आता."

"नाही. मी हात लावला नाहीये अजून."

काकूंनी डोळे उघडले, तंबोरा बंद केला. त्यांचा चेहरा बघवेना म्हणून लहू खाली गालिच्याकडे बघत राहिला.

"तीन आठवडे माझ्या मागे बसून तू हे बघत होतास," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतक्या खूश होतात..."

"मी नाही रे. तू खूश होतास."

खरं बोलणं इतकं झोंबतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि शरमेनं त्याचे कान तापले.

काकूंनी फोन उचलून चारुदत्तला लावला. "मालिनी बोलतेय. खोक्यावरचं माझं वाक्य काढ, फोटोपण काढ." पलीकडून बरंच काही विचारलं जात होतं. काकूंनी लहूकडे एकदा बघितलं. त्याचा व्हिसा चारुदत्तच्या कंपनीवर होता, नोकरी गेली की देश सोडावा लागणार, हे त्यांना ठाऊक होतं. "नाही, नाही, सॉफ्टवेअर फाइन आहे. माझंच चुकलं. वय झालं, कानांचा भरवसा नाही राहिला आता. चालायचंच."

लहू उठून उभा राहिला. ज्या हशापासून त्यांना वाचवायला तो आला होता, ते त्या स्वतःच ओढवून घेत होत्या, आणि तेही त्याच्यासाठी. सोमवारी चारुदत्त ऑफिसात हे सगळ्यांना सांगणार, दोन आठवड्यांत मंडळभर होणार: मालिनीताईंचे कान गेले. मग पोरांना सा लावायला कोण पाठवणार त्यांच्याकडे?

"काकू, फोन द्या."

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

"द्या ना, प्लीज."

काकूंनी त्याच्याकडे नीट बघितलं, आणि फोन त्याच्या हातात दिला.

"चारुदत्त, लहू बोलतोय," तो म्हणाला. "काकूंच्या कानांना काही झालेलं नाही. आठवा नॉब मी जोडलाच नव्हता. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो."

चारुदत्तनं विचारलं, "हे बोलायचा अर्थ कळतोय ना तुला?"

"कळतोय," लहू म्हणाला. त्याचा पाय आता हलत नव्हता.