चादरींच्या यादीचा चमत्कार

रुग्णालयाच्या सर्व्हरच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. वीज जाऊन परत आली होती आणि पाठोपाठ यंत्रबाबा आले होते.

आत दोन सर्व्हर, थोरला आणि धाकटा. प्रत्येक एक्स-रे नेटवर्कवरून दोघांच्याही डिस्कवर लिहिला जायचा, म्हणजे एक जळला तरी दुसरा शाबूत. पण वीज गेली की जोडी तुटायची. मग बाबा धाकट्याला बंद करवत, थोरल्यावर तांब्याची कांडी ठेवून दहा मिनिटं पुटपुटत आणि "ऊठ, बाळा!" म्हणत. धाकटा सुरू केला की पडद्यावर हिरवी अक्षरं: जोडी जुळली! मोठ्या डॉक्टरांसकट सगळे हात जोडत.

"ही बाई अपशकुनी आहे," आज बाबांनी सर्व्हर सांभाळणारीवर बोट रोखलं. "हिला घालवा."

डॉक्टरांनी मान डोलावली. सात वर्षांची नोकरी एका कांडीपुढे कवडीमोल! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"घालवा, साहेब. पण आधी एक प्रयोग. दोन्ही बंद करून फक्त थोरला चालू करते. मंत्राऐवजी सिस्टर काहीतरी वाचतील."

"काय वाचू गं? माझ्याकडे धुवायच्या चादरींची यादी आहे."

"तीच वाचा. मोठ्याने."

"वॉर्ड दोन, चादरी चोवीस, अभ्रे नऊ, पैकी एक फाटका..." दहा मिनिटांनी धाकटा सुरू केला. जोडी जुळली.

"माझ्या मंत्राचा अंमल उरलाय," बाबा म्हणाले, पण कांडी पिशवीत गेली होती.

"अंमल कसला? थोरला आठ मिनिटं आपल्या डिस्क तपासत बसतो. धाकटा दोन मिनिटांत उठून त्याला एकदाच हाक मारतो. ओ आली नाही की एकटाच कामाला लागतो. तुम्ही पुटपुटता तेवढ्यात थोरला जागा होतो, बस्स."

तिने धाकट्याच्या सुरुवातीच्या सूचनांत एक ओळ घातली: पंधरा मिनिटांपर्यंत, दर दहा सेकंदांनी हाक मार. मग दोन्ही बंद करून एकदमच चालू केले. कुणी काही पुटपुटलं नाही. नवव्या मिनिटाला हिरवी अक्षरं आली. बाबा कधी सटकले ते कुणालाच कळलं नाही.

"हे आधी का नाही सांगितलंस?" डॉक्टर खजील होऊन म्हणाले.

"दोन महिन्यांपूर्वी लिहून दिलं होतं. तुम्ही शेरा मारलात, 'बाबांना विचारावे.'"

सिस्टर खो खो हसत सुटली. डॉक्टरही हसले, जरा उशिरा.

वाचकहो, यंत्र ना कोपतं ना पावतं, सांगितलेलं तेवढंच करतं. कुणी चमत्कार दाखवलाच, तर त्याला बाजूला बसवून तेच पुन्हा करून बघा. आणि तोवर निदान कुणाच्या पोटावर पाय देऊ नका.