हत्याराची नोंद

शनिवार, नऊ मे. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. चर्चमध्ये डाव्या बाकांवर एकोणीस माणसे, उजव्या बाकांवर अठरा आणि ऑर्गनच्या पट्ट्यांवर डोके टेकून पडलेले एक प्रेत. एकूण अडतीस. मास्तरांनी आकडा वहीत लिहिला आणि खाली रेघ ओढली. मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचे नसते, असा त्यांचा शिरस्ता होता.

मास्तर म्हणजे तंत्रनिकेतनात तीस वर्षे यंत्ररेखन शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. मंडळी मिळून करत असलेल्या सिनेमात त्यांच्याकडे नोंदींचे काम होते. कोण कुठे बसले, कोणाचा चष्मा नाकावर होता आणि कोणाचा खिशात, हे सारे टिपून ठेवायचे, म्हणजे पुढच्या दृश्यात गफलत होत नाही. सिनेमा खुनाचा, पण हसवणारा. कल्पना पाळकसाहेबांची. तीन वर्षांपूर्वी याच ऑर्गनवरून मंडळीत फूट पडली होती. दुरुस्त करा म्हणणारे डावीकडे बसू लागले, काढून टाका म्हणणारे उजवीकडे. एकत्र प्रार्थना जमत नाही, तर निदान एकत्र खून तरी करून पाहू, असे पाळकसाहेब म्हणाले होते.

प्रेत म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. एकतीस वर्षे तिने हा ऑर्गन वाजवला होता. तो दुरुस्तीपलीकडे गेल्याचा चार पानी अहवाल मास्तरांच्या सहीचा होता : एकसष्ट पट्ट्यांपैकी अवघ्या बावीस वाजतात. त्या आठवड्यात ऑर्गनला कुलूप लागले आणि ताईने भावाशी बोलणे टाकले. आता सिनेमापुरते कुलूप काढले होते आणि सोमवारी तो उचलून नेणार होते. ऑर्गनसाठी मास्तरांचा जीव तुटत नव्हता. आपल्या मोजमापावर त्यांचा भरवसा होता. पण ऑर्गन गेला की ताई या दारात पाऊल टाकणार नाही, मग रविवारी तिची पाठमोरी मानसुद्धा दिसायची नाही, हे मात्र त्यांना आतून कुरतडत होते.

"प्रेताचा डावा हात आधी मांडीवर होता," मास्तर वहीत पाहून म्हणाले.

"तुझ्या मामाला सांग," प्रेत डोळे न उघडता म्हणाले, "प्रेताचा हात कुठे होता ते प्रेताला ठाऊक असतं."

दिग्दर्शिका ताईचीच लेक. तिने कपाळावर हात मारला. "आई, मेलेली माणसं बोलत नाहीत गं."

"मग जिवंतपणी तरी मी त्याच्याशी कुठे बोलतेय?"

दोन्हीकडचे बाक एकदम हसले. तीन वर्षांत असे प्रथमच घडत होते. मास्तरांनी तेवढे टिपले नाही.

पुढचे दृश्य हत्याराचे होते. गुप्तहेर झालेल्या शिंप्याने रुमालात धरून एक लोखंडी ठोकळा पुढे केला. "जिन्याखालच्या पेटीत सापडला. असे चार आहेत. काठीपेक्षा हा बरा दिसेल."

मास्तरांनी मोजपट्टी लावली. लांबी वीस सेंटिमीटर, रुंदी दहा. खूण... त्यांनी ठोकळा उलटा केला. खाली पांढऱ्या तैलरंगात तीनचा आकडा होता, फटकन ओढलेला नव्हे, बेतून काढलेला. असा आकडा काढायला त्यांनी तीस तुकड्यांना शिकवले होते.

ऑर्गनच्या नळ्यांना वारा पुरवतो तो भाता, आणि त्या वाऱ्याला जोर येतो भात्यावर ठेवलेल्या चार वजनांनी. तपासणीच्या आदल्या दिवशी भात्याचे चामडे पाहण्यासाठी मास्तरांनी वजने उतरवली, हरवू नयेत म्हणून त्यांवर क्रमांक घातले आणि पेटीत व्यवस्थित ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी येऊन एकसष्ट पट्ट्या दाबून पाहिल्या. मधली एक पायरी राहून गेली होती.

"मामा, लिहिलंत का? सगळे थांबलेत."

'खूण : नाही' एवढेच लिहायचे होते. तो आकडा ओळखणारा दुसरा कोणी तिथे नव्हता. मास्तरांनी पेनाचे टोपण लावले.

"चित्रण थांबव."

"अहो मास्तर, माझं वाक्य राहिलंय!" शिंपी कळवळला. "'खुनी याच खोलीत आहे.'"

"म्हणा. आहेच तो." मास्तर ऑर्गनपाशी गेले. "ताई, नळ्या ठीक होत्या. भात्यावरची वजनं मी उतरवली आणि परत न ठेवताच तपासणी केली. अहवाल चुकीचा आहे. चूक माझी."

प्रेत उठून बसले. गालावर पट्ट्यांचे वळ उमटले होते.

"अरे गाढवा! वारा कमी येतोय, वारा कमी येतोय, म्हणून घसा फोडला होता मी!"

"मला कुठे म्हणालीस?"

"हिच्याजवळ निरोप दिला होता."

"मी पोचवला होता," लेक म्हणाली. "मामा म्हणाले, लेखी द्या."

उरलेली वजने आणायला दोन्ही बाकांवरून माणसे उठली आणि जिन्याच्या दारात एकमेकांना अडली. "आधी तुम्ही," "छे, तुम्ही," यात थोडा वेळ गेला. ताई मात्र भात्यापाशी उभी राहून भावाला थेट हुकूम सोडत होती. "तिसरं मागे ठेव. अरे, मागे म्हणजे भिंतीकडे. कोणी शिकवलं तुला?"

भात्याची मोटर सुरू झाली. भाता हळूहळू फुगला, वजनांसकट वर आला आणि स्थिरावला. ताई बाकड्यावर बसली. डाव्या टोकापासून एकेक पट्टी दाबत गेली; वाजेल त्या पट्टीला शेजारी उभे राहून मास्तर एकेक खूण करत गेले.

शेवटची पट्टी सोडून ताई म्हणाली, "लिही. आणि सोमवारी त्या माणसांना दारातूनच परत पाठवायचं काम तुझं."

"हो, ताई."

मास्तरांनी खुणा दोनदा मोजल्या आणि लिहिले : एकसष्टपैकी सत्तावन्न.