मशीनमधलं रक्त

सातपूरच्या आमच्या चाळीत त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर आमचं नवं वॉशिंग मशीन, झाकणावर नारळ आणि टबात लालभडक पाणी. दोरीवर माझ्या नवऱ्याचे, ललितचे, पांढरे शर्ट लटकत होते. प्रत्येकावर रक्ताचे डाग! मशीनशेजारी पाटावर रंगनाथ महाराज बसले होते. माझ्या सासूबाईंनी, चंद्रभागाबाईंनी, त्यांना बोलावून आणलं होतं.

"हे पानी नव्हं, माय! रगात हाय!" महाराज गरजले. "इजेच्या यंत्रात बसून कुनीतरी या घराचं रगात पितंय!"

गर्दी शहारली. महाराजांनी तांब्यातलं तीर्थ शर्टावर शिंपडलं आणि बघता बघता लाल डाग पिवळा झाला.

"बघा! आईनं रगताची हळद केली!"

चाळभर हात जोडले गेले. मग महाराजांनी आवाज खाली आणला. "भुताळी घरातच हाय. सगळ्या बाया या पान्यात हात बुडवा. पावडर भारलीय मी. जिचे हात लाल, करनी तिची."

एका बादलीत साधं पाणी घेऊन त्यांनी मूठभर पावडर टाकली. ती आमचीच कपड्यांची पावडर होती. एकेक बाई हात बुडवून सुटकेचा श्वास टाकत होती. शेवटी माझ्या आईची पाळी आली. झुंबरबाई तिचं नाव. पेठकडच्या पाड्यावरून गुडघ्याच्या औषधाला माझ्याकडे आलेली. तिने हात बुडवले आणि तळवे लाल झाले.

"मी काय नाय केलं वो," एवढंच ती म्हणत राहिली. कुणीतरी तिला चप्पल मारली. सासूबाईंनी तिचं गाठोडं रस्त्यावर फेकलं. आणि ललितने, माझ्या नवऱ्याने, तिला पेठच्या बसमध्ये बसवून दिलं.

मी तेव्हा शाळेत मुलांना विज्ञान शिकवत होते. घरी आले तेव्हा शेजारच्या हर्षालीने रडत रडत सगळं सांगितलं. मी रडले नाही. मशीनच्या टबात हात घातला. तळाशी शर्टाच्या बाहीत गुंडाळलेलं एक फडकं सापडलं. कडेला लाल, आतल्या गाठीत पिवळंधमक. आई गुडघ्याला हळदीचा लेप लावून बांधायची ते फडकं.

"हे पांढऱ्या कपड्यांत कुणी टाकलं?" मी विचारलं.

"मीच सगळा बोळा उचलून टाकला सकाळी," सासूबाई म्हणाल्या. "का गं?"

"सहज."

मला सगळं कळलं होतं, पण तिथेच सांगून मोकळं व्हायचं नव्हतं. आईला चारचौघांत मारलं होतं. हिशेबही चारचौघांतच व्हायला हवा होता.

पुढच्या मंगळवारी महाराज घराच्या शांतीला आले. मी डोक्यावर पदर घेऊन पुढे झाले. "महाराज, पाद्यपूजा करू द्या. माझ्या आईचं पाप धुतलं जाईल."

महाराज विरघळले. पाय परातीत ठेवले. मी घोट्यापर्यंत हळद माखली, चांगली दाट. मग ललितला म्हटलं, "तुम्ही घाला पाणी. मशीनमधलं. महाराजांनी भारलेली तीच पावडर टाकलीय मी त्यात."

महाराजांनी पाय ओढायच्या आत ललितने तांब्या ओतला. महाराजांचे पाय लाल झाले.

मी पदर खाली टाकला. "जिचे हात लाल ती भुताळी. मग ज्याचे पाय लाल तो कोण?"

"पानी कुनीतरी बाटवलंय!" महाराज ओरडले.

"बरं." मी त्यांचाच तीर्थाचा तांब्या उचलला आणि एका पायावर ओतला. पाय पिवळा झाला. तांब्या हर्षालीच्या नाकाशी धरला. तिने हुंगलं. "अगं बाई, लिंबू!"

"लिंबूच. हळदीला साबण, सोडा लागला की ती लाल होते. लिंबू पिळलं की परत पिवळी. हाताने धुताना हे तुम्ही प्रत्येकीने शंभरदा पाहिलंय. मशीनचं झाकण लागलं आणि सगळ्या विसरलात? माझ्या आईच्या हाताला तिच्याच लेपाची हळद होती."

एक पाय लाल, एक पिवळा. महाराज चपला शोधू लागले. चपला मी माडीवर टाकल्या होत्या. कुणीतरी हात उगारला.

"हात लावायचा नाही," मी म्हणाले. "असेच चालत जाऊ द्या. सबंध सातपूरला दिसू द्या."

ते डांबरावर उड्या मारत गेले. मला जराही दया आली नाही.

मग मी माझी बॅग उचलली. "सासूबाई, ललित, मी पेठला आईकडे चालले. माफी तिथे मागायची, पाड्यावर, सगळ्यांसमोर. त्याशिवाय मी या घरात येणार नाही."

रविवारच्या बसने दोघं आली. सोबत हर्षाली आणि चप्पल मारणारी बाईही होती, मान खाली घालून. सासूबाईंनी अंगणात माझ्या आईचे पाय धरले. आई म्हणाली, "बसा, च्या घ्या." तिने माफ केलं. मी अजून केलेलं नाही.

म्हणून सांगते. हळदीची फडकी वेगळी भिजवा. पांढरे कपडे रंगीत कपड्यांत टाकू नका. नवं लुगडं मशीनमध्ये टाकण्याआधी कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा, रंग जातो का. बाह्यांत, खिशांत काय अडकलंय ते झटकून बघा. हळदीचा डाग राहिलाच तर ऊन त्याला खातं; त्याला कुणा महाराजाची गरज नाही. आणि कपडा लाल निघाला तर आधी टबात हात घाला. कुणा बाईचे हात तपासायला जाऊ नका.